सात घरची उसनी बुढी

मोठ्या मॅडम ओट्यावर चपला काढून राहिल्या होत्या, निलेशभाऊ त्याईच्या मांगं मुठीची ताकद मोजाचं मशीन घेऊन उभे होते, अन् मी पुढं होऊन दाराचा पडदा उलसाक सरकवला. आत खाटीवर तीच बुढी बसून होती. जिले आमी पंधरा मिनिटं आधी दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या घरात, दुसऱ्याच नावानं तपासून आलो होतो, तीच.

लुगडं तेवढं बदललं होतं. मघा हिरवं होतं, आता जांभयं. चष्मा मघा नोता, आता होता. पन तिले दम लागून राहिला होता, छाती खाली-वर होऊन राहिली होती, अन् पायाले नालीचा ओला चिखल होता. आमी जीपनं मोठ्या रस्त्यानं फिरून आलो, अन् बुढी मांगच्या गल्लीनं पयत आली, अन् आमच्या आधी पोचली.

माह्या कडेवर माही पोरगी, आरू, दीड वर्साची. तिनं दोन्ही हात पुढं केले अन् म्हने, "खाऊ आजी."

तवा मले समजलं. महिनाभरापासून आरू घराघरात जाऊन "खाऊ आजी" म्हनून राहिली होती, अन् मी तिले दटावून राहिली होती का बाई, सार्‍या आज्या खाऊवाल्या नसतात. साऱ्या घरी खाऊ देनारी आजी एकच होती. लेकराले समजलं, मले नाई समजलं, अन् पगार मले.

मांगून मॅडम म्हने, "रंजना, थांबलात का? आत चला."

मंग मी काय केलं ते सांगतो, पन पयले उलसंक मांगचं सांगा लागते, नाईतं तुमाले वाटन हे बाई बयाड हाय.

मी रंजना. माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं, सासर वलगावकून पुढं एका खेड्यातलं. गावाचं नाव नाई सांगत, कारन मले अजून तथीच राहाचं हाय. दहावीत माहं गणित गेलं ते मंग परत आलंच नाई. घरवाला ऑटो चालवते. अन् मी संशोधन करतो. हसू नोका. मीही पयल्या दिवशी हसली होती.

झालं असं का मोठ्या दवाखान्यातल्या एक मॅडम हायेत, म्हाताऱ्या मानसाच्या दुखन्याच्या डॉक्टर. त्याईचं म्हननं असं का म्हाताऱ्याईवर जेवढा अभ्यास होते तो शहरात होते, लिफ्टवाल्या घरातल्या म्हाताऱ्याईवर होते. खेड्यातली बुढी किती चालते, काय खाते, कवा पडते, हे कोनी मोजतच नाई, अन् मोजन कोन, खेड्यात तं अभ्यास करनारं मानूसच नाई. तं मॅडम म्हने, मानूस तयार करू. गावातल्या बायाईले शिकवू. अन् त्याईच्या वरचे एक साहेब म्हने, दहावी नापास बाया संशोधन करतीन काय? मॅडम म्हने, करतीन. त्याईचं तवापासून लागलेलं होतं. आमी अकरा बाया म्हनजे त्या भांडनाचा जवाब. त्यातल्या दोघी धारनीहून येत, जीप बदलून बदलून, एक तं सहा महिन्याची पोटुशी. मले हे सारं मंग समजलं. पयले समजलं असतं तं मी घरीच भाकरी थापत बसली असती.

अकोल्याले पाच दिवस शिकवलं. आमीच बुढ्या झालो, आमीच एकमेकीले तपासलं. काम तसं सोपं हाय. जमिनीवर चार मीटरची पट्टी चिकटवाची, बुढीले नेहमीसारखं चाल म्हनाचं अन् घड्याळ दाबाचं. मंग मुठीचं मशीन, ते दाबलं का हातात किती ताकद हाय ते सांगते. मंग तीन शब्द सांगाचे, कुलूप, बैल, आंबा, अन् मधात दुसरं काई विचारून पाच मिनिटांनं पुन्हा विचाराचे, याददाश्त पाहाले. अन् मंग खुर्ची. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठाचं-बसाचं, किती टाइम लागला ते लिहाचं. बस. जे बुढी यात कमजोर निघन तिच्या घरी दर महिन्याले डॉक्टर येईन. जे मजबूत निघन तिच्या घरी येनार नाई. हे नीट ध्यानात ठेवा, सारी गोठ याच्यावरच हाय.

नाव काम्प्युटर काढते. आपल्या मनानं बुढी घ्याची नाई. काम्प्युटरनं नंबर सतरा म्हतलं तं नंबर सतराच. शेजारीन किती हात जोडो, तिले घ्याचं नाई. फोटोही काढाचा नाई, गुप्त ठेवाचं म्हनून. कागदावर फक्त नंबर अन् अंगठा.

अन् प्रश्न जसा लिहेल हाय तसाच वाचाचा, एक अक्षर बदलाचं नाई. हे लय अवघड. मी पयल्या दिवशी एका बुढ्याले वाचून दाखवलं, "गेल्या सात दिवसांत आपणांस उदास वाटले का?"

बुढा म्हने, "कोनाले?"

मी म्हतलं, "आपणांस."

तो म्हने, "ते घरी नाई, वावरात गेले."

मी पुन्हा तसंच वाचलं, कारन बदलाचं नोतं. बुढ्यानं सुनेले आवाज देला, "अवं, आपणांस आले का पाय बरं." तिसऱ्यांदा वाचलं तवा त्याले समजलं, अन् तो मले म्हने, "तू तीन वेळा विचारून राहिली तं मले आता वाटून राहिलं." मी हो म्हनून टिक केली. ते बरोबर का चूक, मले आजही मालूम नाई.

पन खरी पंचाईत खुर्चीची झाली. नियम असा का खुर्चीले हात नसाले पाह्यजे, नाईतं बुढी हाताचा टेका घेते. अन् साऱ्याईले एकाच उंचीची खुर्ची. गावात खुर्च्या भरपूर, लग्नाच्या, ग्रामपंचायतच्या, पन साऱ्या हातवाल्या. बिनहाताची एकच निघाली, पंचफुलाआजीची. निळी प्लास्टिकची. तिचा एक हात तुटला होता म्हनून तिनं दुसराही करवतीनं कापून घेतला, सारखं दिसाले. सीटची उंची मोजली तं नेमकी बसली. मी खुश. म्हतलं, आजी, तुमची खुर्ची महिनाभर द्या.

पंचफुलाआजी एकटी राहाते, विहाराच्या मांगं. उमर सत्तरच्या वर, पन हाडानं चिवट. ती म्हने, "खुर्ची देतो, पन मीच नेऊन देईन घरोघरी. लोकं तोडतात." अन् मले विचारे, "माहं नाव नाई काय तुह्या यादीत?" मी टॅबमधी पाह्यलं. नोतं. काम्प्युटरनं काढलंच नाई. म्हतलं, नाई आजी. ती म्हने, "बरं," अन् खुर्ची डोक्यावर घेऊन पुढं चालली.

अथीच सारं बिघडलं, अन् मले पत्ताच नाई.

तुमाले तं मालूमच हाय आपल्याकडचं. कोनी पाहाले येनार असन तं घरातलं चांगलं काढून ठेवाचं. चादर बाहीर, कपबशी बाहीर, अन् घरात नसन तं शेजारून आनाचं. मले पाहाले आले तवा मी सोता माह्या वहिनीची साडी नेसून बसली होती. तं दवाखान्याचे लोक बुढी पाहाले येनार म्हतल्यावर घरोघरी तोच हिशेब झाला. एक सासू लय शिव्या देते, तिले कोनासमोर आनाचं नाई. एक पोरीकडं अकोल्याले गेलेली. एकीनं त्या दिवशी आंघोय नाई केली अन् करनार नाई म्हने. अन् तेवढ्यात पंचफुलाआजी दारात खुर्ची घेऊन उभी, धडधाकट, स्वच्छ लुगडं, केस विंचरलेले. पयल्या घरच्या सुनेनं म्हतलं, "आजी, आलीच हायेस तं बस ना तूच."

अन् ती बसली. मंग दुसऱ्या घरी. मंग तिसऱ्या. लोकं जसं विरजन उसनं आनतात, पाट आनतात, तशी बुढी आनली. खुर्चीसंग बुढी. मॅडमच्या नियमानं खुर्ची एकच पाह्यजे होती, गावानं बुढीही एकच केली.

तुमी म्हनसान, तुले डोये नोते काय वं? होते. पन मले इतका भेव होता, टॅब पडन का, बटन चुकन का, पोरगी पट्टी उखडन का, का मी साऱ्या टाइम टॅबकडं पाहू नाईतं घड्याळाकडं पाहू. बुढीच्या पायाकडं पाहू, हाताकडं पाहू. तोंडाकडं नाई पाह्यलं. घरात अंधार, डोक्यावर पदर, कान बांधलेले. नाव घरचेच सांगत, हे आमची आजी, मी नंबर दाबू.

खुना होत्या. आता याद येतात. तिसऱ्या घरी अंगठा घ्याच्या आधीच बुढीचा अंगठा शाईनं भरेल होता. मी सोताशीच म्हतलं, निराधारचे पैसे आनाले गेली असन. पाचव्या घरी मी म्हतलं, आजी, मी तीन शब्द सांगतो, तं बुढी म्हने, "कुलूप, बैल, आंबा." मी अजून सांगतलेच नोते. मी लिहिलं, याददाश्त उत्तम.

अन् एक गोठ मले तवाही खटकली होती. प्रश्न विचारला का बुढी मोठी इचार करून जवाब दे, अन् दर घरी येगयाच. एका घरी म्हने, मले रात्री झोप नाई, पोरगा पुन्यात हाय, फोन करत नाई. एका घरी म्हने, मले कायचंच दुख नाई, सून चांगली हाय पन बोलत नाई. नंबर सतराच्या घरी मी विचारलं, आपल्या आपण उठता येते का? ती म्हने, "नाई. आठ महिने झाले. मांडीचं हाड मोडलं. उठवा लागते, कूस बदलून द्या लागते." मी लिहून घेतलं. मंग म्हतलं, आता खुर्चीतून पाच वेळा उठा. अन् ती टनटन पाच वेळा उठली. नऊ सेकंद.

मी दोन्ही लिहिलं. मले शिकवलं होतं, जे दिसन ते लिहाचं, जे सांगन ते लिहाचं, आपलं डोकं मधात घालाचं नाई. नाई घातलं.

महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. आवाज लय आनंदी. म्हने, "रंजना, तुमच्या गावात काहीतरी विशेष आहे. सात आजींची ताकद जवळजवळ सारखी आहे, आणि सगळ्या इतक्या वेगानं चालतात. काय खातात हो तिथे?"

मी म्हतलं, "भाकर. आंबाडीची भाजी."

मॅडमनं ते लिहून घेतलं. मंग म्हने, "आंबाडी. मी येते."

अन् त्या आल्या. त्याईनं विहिरीचं पानी बाटलीत भरून घेतलं, नंबर टाकला. आंबाडीची जुडी पिशवीत घातली, तिलेही नंबर टाकला. निलेशभाऊ, आमचे सुपरवायझर, मले हळूच म्हने, "वहिनी, पुढच्या सोमवारी अकोल्याले मोठी बैठक हाय, ते साहेबही येनार हायेत. तुमाले स्टेजवर बोला लागन. मॅडम साहेबाले दाखवनार हायेत, पाहा, दहावी नापास बाईनं काय शोधून काढलं." मले भाषनाचा भेव वाटला. त्याच्याहून मोठा भेव पडद्यामांगं खाटीवर बसून होता, हे मले पंधरा मिनिटांनं समजलं.

आता पुन्हा त्या पडद्यापाशी या.

मी पडदा सोडला अन् म्हतलं, "मॅडम, आजी झोपून हायेत. उद्या येऊ."

आतून आवाज आला, "जागी हाय मी, या ना." पंचफुलाआजीले वाटलं मी तिची काळजी करून राहिली.

मॅडम आत आल्या. घरची सून वंदनाताई दारापाशी उभी होती, पदर तोंडाले लावून, मले डोयांनं खुनावून राहिली होती का गप राह्य. खुर्ची मधात मांडेल होती. मॅडमनं खुर्चीकडं पाह्यलं, मंग बुढीकडं पाह्यलं, मंग चष्म्याकडं. बहुतेक त्याईलेही काईतरी वाटलं, पन त्या मोठ्या मानूस, एकदम बोलत नाईत.

मघाच्या घरी मी तपासलं होतं, अथी त्याईनं सोता चार मीटर चालवलं. बुढी चालली, चिखलाचे पाय उमटले पट्टीवर. मुठीचं मशीन दाबलं, बावीस किलो. मॅडम म्हने, "मघाच्या आजींचंही बावीसच."

पंचफुलाआजी म्हने, "हाव, आमच्या गावात बावीसच येते."

मंग मॅडमनं तीन शब्द सांगतले. पन मॅडमचे शब्द येगये होते. मोठ्या लोकाईजोळ दुसरी यादी असते, मले मालूम नोतं. त्या म्हने, "चावी, गाय, पेरू." पाच मिनिटं आधारकार्ड कोठी ठेवता, दवाई कोन देते, असलं विचारलं, अन् मंग म्हने, "हं, आजी, सांगा."

पंचफुलाआजी घाबरली. सात घरं एकच शब्द पाठ, अन् आता पेपरच बदलला. म्हने, "चावी." मंग म्हने, "बैल." मंग कपायावरचा घाम पुसला.

तं ज्वारीच्या पोत्यामांगून आवाज आला, "गाय. बैल नाई, गाय. अन् पेरू."

साऱ्याईनं पोत्याकडं पाह्यलं.

मॅडम म्हने, "कोण बोललं?"

वंदनाताई म्हने, "रेडू हाय."

मॅडम म्हने, "रेडिओला बरोबर उत्तर येतं?"

पोत्यामांगून पुन्हा, "वारही सांगतो. आज बुधवार हाय. अन् पंचफुले, सात घरचा चहा पेली तू, पन एक पेरू याद नाई राहत तुले. मी म्हतलं होतं, मले पुढं ने, मी सांगतो. मले कोनी विचारतच नाई."

पंचफुलाआजी खाटीवरून म्हने, "तू उठत नाईस म्हनून मी आली ना वं. तुह्याच साठी आली."

"माह्यासाठी आली तं माहं नाव तरी नीट सांग. मघा वय कमी सांगतलं माहं."

"बाई, तू तं दरवर्षी येगयं सांगतेस."

मॅडम उठल्या अन् पोत्यामांगं गेल्या. मीही गेली, आरूले घेऊन. तथी चटईवर नंबर सतरा होती. खरी. सुभद्राआजी. पांघरून स्वच्छ, केस विंचरलेले, उशाले पान्याचा तांब्या. वंदनाताईनं तिले उपाशी नोतं ठेवलं, मी हे लिहून देतो. पन नऊ महिने पाठीवर पडून. मॅडमनं पांघरून सरकवलं तं पाठीले जखम होती, पंज्याएवढी. वंदनाताई मांगं उभी राहून म्हने, "कशी दाखवू मॅडम? म्हनसान सासूले सडवली. म्हनून चांगली बुढी आनली."

मॅडमनं तथीच बसून जखम धुतली. सुभद्राआजी तेवढ्यात मले म्हने, "मशीन आन इकडं." मी मुठीचं मशीन देलं. तिनं दाबलं. अकरा.

"पंचफुलीचं किती?"

"बावीस."

"खुर्च्या उचलते ते. माहं अकरा लिह्य. अन् पेरूही लिह्य."

मॅडम हात धुऊन बाहीर आल्या, त्या निळ्या खुर्चीत बसल्या, तांब्याभर पानी पेल्या. विहिरीच्या पान्याची बाटली त्याईच्या पिशवीतून दिसून राहिली होती, नंबरवाली. त्याईनं तिच्याकडं पाह्यलं अन् त्याईले एकदम हसू आलं. लय हसल्या. पंचफुलाआजीही हसली, आरूही हसली. मंग मॅडमनं हसू आवरलं अन् मले म्हने, "रंजना, सात वेळा. तुम्ही एकदाही तोंडाकडे पाहिलं नाही?"

मी म्हतलं, "नाई मॅडम. फॉर्ममधी तोंडाचा खाना नोता."

मले उलटं बोलाचं नोतं. खरंच नोता.

मंग त्याईनं टॅब उघडला अन् नंबर सतरा काढला. तथी लिहेल होतं, चाल उत्तम, ताकद उत्तम, याददाश्त उत्तम, घरी डॉक्टरची गरज नाई. दर महिन्याले जो डॉक्टर येनार होता, तो या घरी येनारच नोता. कारन काम्प्युटरच्या हिशेबानं सुभद्राआजी नऊ सेकंदात पाच वेळा उठते.

म्हतलं, "मॅडम, खोडा ना ते."

मॅडम म्हने, "मला खोडता येत नाही. जिनं भरलं तिनंच दुरुस्त करायचं. आणि कारण द्यावं लागतं."

कारनाचे दोनच खाने हायेत. वरचा, कार्यकर्तीची चूक. खालचा, कुटुंबाने चुकीची माहिती दिली. दोन्हीमधलं एक दाबलं का मंगच फॉर्म उघडते.

निलेशभाऊनं मले ओट्यावर नेऊन समजावलं. म्हने, "वहिनी, नीट ऐका. खालचा दाबला तं तुमी वाचता. पन ज्या घरानं फसवलं ते घर अभ्यासातून बाद होते, नियम हाय. मंग सुभद्राआजीकडं डॉक्टर येनार नाई. साती घरी येनार नाई. अन् वरचा दाबला तं घरं राहातात, डॉक्टर येते, पन सात फॉर्मवर सात वेळा कार्यकर्तीची चूक. तुमी बाद. अन् सोमवारी ते साहेब मॅडमले सात कागद दाखवतीन अन् म्हनतीन, मी म्हतलं नोतं काय? मंग अकराच्या अकरा बाया घरी. धारनीवाल्या दोघीही."

मी म्हतलं, "अन् काईच नाई दाबलं तं?"

"तं बुढी उठते," तो म्हने. "कागदावर उठते."

मंग हळूच म्हने, "लेकरानं टॅब दाबला म्हना. कोनतं लागलं ते लागलं." मी आरूकडं पाह्यलं. ती खुर्चीखाली बसून मुठीचं मशीन चाटून राहिली होती. त्या घरात खरं ओयखनारी ते एकलीच होती, तिच्यावर कसं ढकलू?

मॅडम गेल्या. जाताना आंबाडीची जुडी वंदनाताईले वापस देली. मले एवढंच म्हने, "शनिवारपर्यंत भरा. काय भरायचं ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ते तुमचं काम राहणार नाही, माझं होईल." अन् पाठीवर हात ठेवला. रागावल्या असत्या तं सोपं गेलं असतं.

शुक्रवारी मी पंचफुलाआजीच्या घरी खुर्ची वापस द्याले गेली. ती म्हने, "लिह्य ना, बुढीची चूक. माहं नाव टाक. माह्यावर नाव टाकलं तं कोनाचं काय बिघडते?" मी तिले टॅब दाखवला. म्हतलं, आजी, तिसरा खाना नाई. तिनं चष्मा लावून पाह्यलं. तो चष्मा वंदनाताईचा होता, अजून वापस केला नोता.

म्हने, "एवढं मोठं मशीन अन् दोनच खाने."

मंग मले काय वाटलं, मी पिशवीतला एक उरलेला कोरा फॉर्म काढला. म्हतलं, आजी, बसा खुर्चीत. आज तुमचं नाव. यादीत नाई तं नाई, मले पाहाचं हाय. तिनं लुगडं नीट केलं, केसाले पानी लावलं, अन् बसली. मी पयले तिच्या तोंडाकडं पाह्यलं, नीट. डाव्या भुवईत तीळ हाय. हनुवटीवर गोंदलेलं हाय, तीन ठिपके. सात वेळा पाह्यली होती मी ते बाई.

उठली-बसली, नऊ सेकंद. मूठ, बावीस. कुलूप, बैल, आंबा. सारं बरोबर. मंग मी वाचलं, जसं लिहेल हाय तसंच, "गेल्या सात दिवसांत आपणांस एकटे वाटले का?"

सात बायाईच्या वतीनं या प्रश्नाचा जवाब तिनं देला होता, अन् या दोन दिवसात मी घरोघरी विचारून पाह्यलं होतं, एकही जवाब खोटा नोता. साऱ्याईपाशी जाऊन बसते ना ते, साऱ्याईचं तिले मालूम. पन सोताचं विचारलं तं तिनं चष्मा काढला. मंग म्हने, "हा कोनाच्या नावानं विचारून राहिली?"

"तुमच्या, आजी."

"मंग थांब उलशी. मले इचार करू दे." अन् खुर्चीत बसून राहिली. मी पाच मिनिटं थांबली, दहा थांबली. आरू तिच्या मांडीवर झोपून गेली. तो खाना अजूनही कोराच हाय.

मंग शनिवार आला. सकाई टॅब मांडीवर घेऊन मी चुलीपाशी बसली. घरवाला म्हने, खालचा दाब, आपल्याले आपलं पोट हाय. वंदनाताई आली अन् दाराशी उभी राहिली, अन् एवढंच म्हने, सासूबाईनं विचारलं, डॉक्टर कवा येनार हाय. धारनीवालीचा फोन आला, तिले काईच मालूम नोतं, म्हने, रंजनाताई, सोमवारी स्टेजवर काय नेसनार हायेस? मी म्हतलं, पाहातो.

नंबर सतरा उघडला. वर एक खाना, खाली एक खाना. बोट मधात.

हा अंक काढनाऱ्या दादाईनं मले म्हतलं, वहिनी, तुमच्या कामाचा एखादा किस्सा लिहा, लोकाईले मजा येईन. मजा आली असन तं चांगलं हाय. मी काय दाबलं ते मी लिहित नाई, कारन ते वाचलं का तुमी म्हनसान, हाव, आमीही तेच केलं असतं. तसं नोको. पयले तुमी एक खुर्ची घ्या, बिनहाताची. हात छातीवर बांधून तिच्यात बसा. मांगून पोत्याआडून एक बुढी विचारून राहिली हाय का डॉक्टर कवा येनार, अन् फोनवर एक पोटुशी बाई विचारून राहिली हाय का काय नेसू. अन् मंग मले खरं सांगा. तुमी असते तं कोनता दाबला असता?